कुलूपवाल्यांचा धाकटा

न उघडणारं कुलूप तळोद्यात एखादं असेल, पण आमच्या गल्लीतल्या कुलूपवाल्यांच्या धाकट्याने फोडलेलं एकही सापडायचं नाही. त्याचे वाडवडील कुलपं दुरुस्त करायचे, हा कम्प्युटर करतो, हात तेच. चौथीत मी त्याला शिकवलं, म्हणून पन्नाशीतही तो मला बाई म्हणतो आणि बस म्हटल्याशिवाय बसत नाही. माझ्या कपाटाची किल्ली हरवली तेव्हा त्याने हातोडी मागितली नाही, घरातल्या एकेकाला बोलावून चौकशी केली; किल्ली माझ्याच कमरेला निघाली. स्क्रीनवर एरर आली की बाकीचे ती झटकन घालवतात. हा चष्मा कपाळावर सारून ती दोनदा मोठ्याने वाचतो. सगळ्यांना सगळं मोकळं करणारी कमांड त्याला पाठ आहे, पण तिचं नाव काढलं तरी कानाला हात लावतो. "फोडानं नही. आधी कोनं शे ते देखानं." कोणाचं आहे ते आधी पाहायचं, हे त्याचं ब्रीद.

गेल्या महिन्यात माझा जुना लिनक्सवाला कम्प्युटर अपडेट होता होता मेला, तोही नेमका नको तेव्हा. थोरल्या जावेच्या नातीचं लग्न, आणि जाऊ शनिवारी प्रकाशा गावाहून येणार होती, काळ्या मसाल्याचं प्रमाण नव्याने छापून न्यायला. त्याआधी मला त्यात गुपचूप एक शब्द घालायचा होता. पंधरा वर्षांपूर्वी ते टाइप करताना मी दगडफूल मुद्दाम गाळलं होतं. सासूबाईंच्या चवीची वारस आपण एकटीच राहावी, एवढाच उदात्त हेतू. नुकती निवृत्त झालेली, टाइप करता येतं म्हणून पाय जमिनीला न लागणारी ती बाई आज भेटली तर मी तिला अंगठे धरून उभी करीन.

धाकट्याने पेन ड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि 'सीएचरूट' करून माझ्या मेलेल्या सिस्टीममध्ये शिरला. म्हणजे बाहेरून आत जायचं आणि आत घरधन्यासारखं वावरायचं. तिथे काही लिहू देईना. डिस्क नुसती वाचण्यापुरती जोडली गेली होती. त्याने ती लिहिण्यासाठी पुन्हा जोडली, सिस्टीम दुरुस्त केली. मसाल्याची फाइल मात्र हटूनच बसली. मालक पाहिला, मीच. परवानग्या पाहिल्या, ठीक. घरधन्यालाही नकार. मग त्याने फाइलीच्या बारीक खुणा वाचल्या आणि चष्मा डोळ्यांवर आणला.

"बाई, हाई कुलूप तुमनंच शे. कोनलेच बदलता येवाले नको, मलेबी नको, आसं तुम्हीनच सांगेल व्हतं."

सांगितलं होतं खरं; टाइप झालं त्याच दिवशी त्याच्याकडूनच ते लावून घेतलं होतं. त्याने एका ओळीत कुलूप काढलं, मी दगडफूल लिहिलं आणि लाडीगोडीने म्हटलं, "छापताना खाली फाइल बदलल्याची तारीख उमटते रे. तेवढी जुनीच करून दे. पहिल्यापासून होतं असं वाटेल."

त्याने कानाला हात लावला. "कुलूप उघाडी देसू, बाई. तारीख फिरावानं काम मन्हं नही."

खोटं बोलू नये, हे त्याला फळ्यावर लिहून मीच शिकवलं होतं. आता कोणाकडे तक्रार करणार?

जावेला फोन लावला, सगळं सांगून टाकलं. मग ती म्हणाली, "इतला वरीस मले वाटे, मन्हा हातलेच चव नही."

धाकटा भिंतीकडे तोंड करून वायर गुंडाळत होता. गुंडाळून झाली की सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा.

"दगडफूल कितलं टाकू, सांग आते," जाऊ म्हणाली.