स्लेट हॅमरचे चार ठोके

स्लेट हॅमर या बँडचे रत्नागिरीत तीन चाहते होते, आणि १९८६ साली इंग्लंडातही याहून फार जास्त असतील असं नाही. पैकी मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातला धाकू आणि रिक्षावाला बाबल्या हे दोघे नंतर बाटवलेले. मूळ भक्त एकटा भिकाजी मयेकर, राहणार मिऱ्या, हुद्दा बोटीवर ऑइलर. म्हणजे जहाजाच्या पोटात, जिथे शेजारचा माणूस कितीही ओरडला तरी फक्त त्याचं तोंड हललेलं दिसतं, तिथे यंत्रांना तेल पाजत फिरणारा.

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदरात बोट दुरुस्तीसाठी अडकली असताना भिकाजी थंडी चुकवायला एका गुत्त्यात शिरला होता. कोपऱ्यात चार पोक्त इसम गिटारी घेऊन असा काही गोंगाट करत होते की त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. घर म्हणजे इंजिनरूम. याला हेवी मेटल म्हणतात हे त्याला मागाहून कळलं. गाणाऱ्याला टक्कल पडलं होतं, ढोलवाल्याचं पोट सुटलं होतं, आणि ऐकणाऱ्यांत निम्मे थंडी चुकवायलाच आलेले. ही मंडळी कैक वर्षं हेच करत होती. त्यांच्या मागून आलेल्या पोरांची चित्रं बनियनांवर छापली जात, आणि हे मात्र अजून दिवसा गोदीत कामाला जात. भिकाजीला त्यात अन्यायापेक्षा आपलेपणाच जास्त वाटला. कवटीवर हातोडा पडतोय असं चित्र असलेली त्यांची कॅसेट घेऊनच तो बाहेर पडला.

या कॅसेटचं मर्म दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात होतं. अख्खं गाणं दरड कोसळावी तसं कोसळत राहतं आणि एकाएकी सगळं थांबतं. त्या शांततेत ढोलवाला आपल्या काठ्या एकमेकींवर चारदा टेकवतो, नखाने काचेचा ग्लास वाजवावा इतक्या हलक्या हाताने. मग शेवटचा कल्लोळ, आणि संपलं.

"मोठ्या नावाच्या बँडनी ही जागा ढोल बडवून भरली असती," भिकाजी सांगे. "हितं माणूस दिसतो. चाळिशी उलटलेला. त्याला घाई नाय."

ठोके ऐकू आले की बोट वर करायचं, ही रीतही त्यानेच घालून दिली होती. ती त्याने मेडिकलमधून उचललेली. बोटीवर परत चढण्याआधी मुंबईत तपासणी होई. त्यात काचेच्या एका खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवत, कानांवर हेडफोन चढवत आणि बारीक आवाज ऐकू आला की बोट वर करायला सांगत. भिकाजीला याची गंमत वाटे. आजवर वाटत होती.

या सुट्टीत त्याने पडवीत बसून कॅसेट लावली. दरड कोसळली, सगळं थांबलं, आणि मग थेट शेवटचा कल्लोळ आला. त्याला वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. टेप मागे घेऊन पुन्हा ऐकलं. ठोके नव्हते.

त्यानंतर त्याच्या ध्यानात एकेक गोष्ट यायला लागली, आणि आली नसती तर बरं झालं असतं. बायको, विमला, भाकरी थापायची तेव्हा तिच्या बांगड्या हलताना दिसत, वाजत नसत. सायकलवाला अंगावर आल्यावरच कळे. विमला दोनदा बोलून तिसऱ्यांदा नाद सोडून देई. बोटीवरची माणसं अशीच असतात अशी तिची समजूत होती, आणि भिकाजीने ती मोडली नाही.

मेडिकल पंधरवड्यावर आली होती. कान गेला म्हणजे बोट गेली. आणि बोट गेलेला माणूस कसा दिसतो ते पाहायला मिऱ्याच्या बंधाऱ्यापर्यंत गेलं की पुरे. तिथे रावजी बसे. तोही इंजिनरूमवालाच. कान गेल्यावर लोक पहिल्यांदा त्याच्याशी मोठ्याने बोलायचे, मग हातवारे करायचे, आता नुसती मान हलवून पुढे जात. रावजी त्या सगळ्या माना मोजल्यासारखा हसे. भिकाजी हल्ली बंधाऱ्याची वाट टाळू लागला होता.

एकच आशा होती. कोकणच्या दमटपणात कॅसेटींना बुरशी येते. ठोके झिजले असतील, कान शाबूत असेल. पण हे विचारायचं कोणाला? बाबल्याला विचारावं तर रिक्षा हातखंब्याला पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. विचारायची गरजच नाही, हे त्याला एका दुपारी सुचलं. बोटं बघायची.

चाहत्यांची बैठक बर्फ कारखान्यात वीज गेली की भरे, कारण एरवी तिथल्या कॉम्प्रेसरपुढे स्लेट हॅमरचीही मात्रा चालत नसे. त्या शुक्रवारी वीज गेली. भिकाजीने टेपरेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले. तिघे लाकडी भुशाच्या पोत्यांवर बसले. सगळं थांबलं तसा भिकाजीने हात मांडीवर दाबून धरला आणि समोर पाहिलं. धाकूचं बोट वर नाही. बाबल्याचं नाही. कल्लोळ आला, गाणं संपलं.

भिकाजीच्या छातीवरची शिळाच उतरली. "ठोके गेले रे कॅसेटमधले," तो जवळजवळ आनंदाने म्हणाला.

"गेले?" बाबल्या म्हणाला. "म्हणून तू बोट नाय केलंस होय."

"तुम्ही तरी कुठे केलंत?"

"आम्ही तुझं बघून करतो," धाकू म्हणाला.



"खरं सांगू भिक्या," बाबल्या म्हणाला, "मला ते ठोके आजवर एकदापण आले नाय ऐकू. मी म्हटलं, ते बोटीवरच्या माणसालाच कळत असतील. उगाच कशाला अडाणीपणा दाखवा?"

"आणि आता? आता होते का?"

"आता कान कोणी दिला मेल्या? तुझ्या बोटाकडे बघत होतो."

भिकाजीने टेप मागे घ्यायला हात घातला आणि वीज आली. कॉम्प्रेसर धडधडू लागला. धाकू उठून कामाला लागला. भिकाजीला तो धडधडाट मात्र व्यवस्थित ऐकू येत होता.

घरी आल्यावर त्याने पडवीत पुन्हा कॅसेट लावली. आत आई, आनंदीबाई, विळीवर नारळ खवत होती. तिला या संगीताची भीती वाटे. कवटीचं चित्र ती येता-जाता भिंतीकडे फिरवून ठेवी, आणि देवळात गुरवाकडून तिने याविरुद्ध गाऱ्हाणंही घालून घेतलं होतं. देवाने अजून कारवाई केली नव्हती.

सगळं थांबलं. भिकाजीने सहज दारातून आत पाहिलं. आईचा हात नारळावर थबकला होता. मग तिने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, आणि त्याच क्षणी कल्लोळ सुरू झाला.

त्याने टेप बंद केली. "आये, हात कोणाला जोडलेस?"

"ती टकटक झाली ना."

"कसली टकटक?"

"नेहमीची. चार वेळा. कोणतरी दार वाजवतंय असं वाटतं मला. म्हणून हात जोडते, बाबा, पुढच्या घरी जा." तिने पुन्हा नारळ हातात घेतला. "त्यानंतर एकदा बोंबलतात आणि गप होतात, म्हणून वाट बघायची ती त्या टकटकीचीच."

"तुला येते ऐकू? हितून, आतून?"

"वय झालंय रे माझं. बहिरी नाय झाले."

ज्या चार माणसांची कदर जगाने केली नाही, त्यांचं सगळ्यात नाजूक काम रत्नागिरीत एकटी भिकाजीची आई ऐकत होती, तेही घाबरून.

त्याने टेप मागे घेतली. या वेळी गाण्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो आईच्या हातांकडे पाहत होता. सगळं थांबलं, हात जोडले गेले, आणि भिकाजीने बोट वर केलं. बरोबर वेळेवर.

"बोट कोणाला दाखवतोस?" आईने विचारलं.

निदान तिचं बोलणं त्याला नीट ऐकू आलं. की ओठ दिसले म्हणून कळलं, हे त्याला सांगता येईना. काचेच्या खोलीतली ती खुर्ची त्याला आठवली. तिचं तोंड भिंतीकडे असतं, आणि भिंतीवर काहीही नसतं.

"सराव करतोय," तो म्हणाला आणि टेप पुन्हा मागे घेऊ लागला. "आये, जरा पडवीत येऊन बस. मला दिसशील अशी."