दुसऱ्यांदा कोण विचारणार

मी जर्मनीला शिकायला निघाले तेव्हा आमच्या मोहने गावाच्या नाक्यावर फ्लेक्स लागला होता. त्यात माझा फोटो पासपोर्टएवढा आणि स्थानिक नेत्यांचा त्याच्या चौपट. शुभेच्छुकांपैकी निम्म्यांना मी अजूनही ओळखत नाही. विमानतळावर सोडायला चौदा माणसं आलेली. काकांनी पार्किंगमध्येच भाषण ठोकलं, "आपल्या संस्कृतीची राजदूत चाललीय!" राजदूताच्या बॅगेत तीन किलो भाजणी होती. आई फक्त कानाशी म्हणाली, "कुणी काही दिलं तर हावऱ्यासारखं घेऊ नकोस गं. आधी नको म्हणायचं."

ते मी निष्ठेने पाळलं. होस्टेलच्या किचनमध्ये शेजारच्या खोलीतल्या लेनाने सूप पुढे केलं. मी नको म्हटलं. आमच्याकडे ही नुसती सुरुवात असते. यानंतर वाटी हातात कोंबली जाते. लेनाने मान डोलावली आणि माझ्यासमोर बसून सगळं सूप संपवलं. इतक्या सज्जनपणे मला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं.

सूपवर भागलं असतं तर हसून सोडलं असतं. पण दुसऱ्या वर्षी प्रोफेसरबाईंनी विचारलं, "माझ्या लॅबमध्ये थिसिस करशील? एकच जागा आहे." नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावरचं त्यांचं काम वाचूनच मी तिथे गेलेले. दुसरं कुणी त्या विषयावर काम करत नव्हतं. आणि मी काय म्हणाले? "नको, माझ्यापेक्षा हुशार कुणी असेल तर त्यांना द्या." वाटलं, आता आग्रह होईल. त्या म्हणाल्या, "स्पष्ट सांगितलंस, बरं झालं," आणि कॉम्प्युटरकडे वळल्या.

मी रडत घरी फोन केला. "परत विचारलंच नाही? कसली माणसं बाई!" आई म्हणाली. मग बाबांनी फोन घेतला.

"मला सुपरवायझर करणार होते तेव्हा मीपण असंच म्हणालेलो. साहेबांनी लगेच पाटलांना केलं. आता आमचे साहेब काही जर्मन नव्हते."

बाबा तीस वर्षं कारखान्यात होते. हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. मी तोवर सगळा दोष थंड देशातल्या थंड माणसांवर टाकून मोकळी झालेले.

"उद्या जा," बाबा म्हणाले. "हवंय म्हण. पुढे काही जोडू नकोस."

गेले. "मला ती जागा हवी आहे."

"मग 'नको' का म्हणालीस?"

मी आमची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी गंभीरपणे ऐकलं. "फार वेळखाऊ आहे," त्या म्हणाल्या. "नशीब तुझं, मी अजून दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही. सोमवारी ये."

आता नोकरीही इथेच, जर्मनीत आहे. बाबा मात्र दरवर्षी फोनवर तेच म्हणायचे, "सुट्टी मिळाली तर बघ. आमचं काय, आम्ही बरे आहोत." मीही ते खरं मानायला लागलेले. यंदा गणपतीच्या आधी त्यांचा फोन आला. "ये. मला तू इथे हवी आहेस."

मागून आईचा आवाज, "अहो, असं काय तोंडावर बोलता? तिला सुट्टी नसेल!"

इथल्या मराठी मंडळाच्या स्टेजवर मायभूमीबद्दल झब्बे घालून भाषणं होतात. मला तेवढं मोठं काही सुचत नाही. माझ्यापुरतं घर म्हणजे साठीनंतर हे एक वाक्य बोलायला शिकलेला माणूस. मी त्याच दुपारी तिकीट काढलं.