आला का वर?

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात पाण्यात शिरल्यावर माझ्या सासऱ्यांइतकं बोलणारा माणूस दुसरा नाही, आणि असलाच तर तो त्यांचाच चेला असणार. जमिनीवर ते तसे अबोल. तेरहून एसटीनं येतात, दारात चपला काढतात, 'बरं हाय का?' एवढं विचारतात आणि भिंतीला पाठ लावून बसतात. पण अंगाला पाणी लागलं की त्यांची जीभ सुटते. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला हे ठाऊक नव्हतं. कळलं ते थेट चारचौघांत, तेही मी अर्ध्या चड्डीवर असताना.

त्याचं असं झालं, पाठदुखीवर डॉक्टरांनी मला पोहायला सांगितलं आणि मला पोहता येत नव्हतं. बायकोनं ही बातमी लगोलग माहेरी पोचवली. अर्ध्या तेरला विहिरीत ढकलून ढकलून पोहायला शिकवलेल्या माणसाच्या जावयालाच पोहता येत नाही, ही गोष्ट सासऱ्यांच्या जिव्हारी लागली. 'लोकांत कळलं तर त्वांड कुठं लपवू?' म्हणत ते रविवारी पहिल्या गाडीनं हजर झाले. काखेत टॉवेल, टॉवेलात पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी.

शहरातला तलाव म्हणजे शिस्तीचं ठिकाण. रबरी टोपीशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. सासरे डोक्यावरची पांढरी टोपी काढायला तयार होईनात. 'टोपी काढून टोपी घालायची, ही कुठली रीत?' शेवटी पांढरीवरच रबरी चढवली. बरं, आधी स्वतः उतरतील तर तेही नाही. मान जावयाचा! उथळ पाण्यात चारजण गप्पांचा फड रंगवून शिडी अडवून उभे होते, त्यांच्यावर हे काठावरून कडाडले, 'सरका की वो जरा, जावईबापू उतरायलेत!' सगळा तलाव माझ्याकडे वळून बघायला लागला. दांडा घट्ट धरून, पोट आत ओढून मी एकेक पायरी उतरलो. लग्नात घोड्यावरून उतरतानाही एवढ्या नजरा माझ्यावर नव्हत्या.

मग त्यांनी 'आलो रं, आलोऽऽ' अशी आरोळी ठोकून मुटका मारला. गुडघे छातीशी कवटाळून मारलेली ती उडी विहिरीत शोभते. इथं मात्र काठावरचे टॉवेल, चपला आणि बाकावर पेपर वाचणारे एक गृहस्थ असे सगळेच भिजले. वर येऊन सासऱ्यांनी खळखळून चूळ भरली आणि ती, मला सांगतानाही कसंतरी होतंय, पाण्यातच टाकली. एकजण उताणा पोहत लोकांना लाथा घालत चालला होता. त्याला यांनी मधेच थोपवलं, 'ओ पाव्हणं, मागं डोळं हायेत का तुमाला?' खरं तर ते येण्याआधी आठवडाभर उथळ पाण्यात एकटाच धडपडताना त्या लाथा मीही खाल्ल्या होत्या. बोलायची हिंमत झाली नव्हती. तरीही मनातून शाबासकी द्यायची सोडून मी पाण्यात तोंड खुपसलं.

पण सगळ्यात कहर म्हणजे त्यांचं 'आला'. कुणीही बुडी मारली की सासरे होते तिथं थबकायचे, तो गेला त्या जागेवर डोळे रोखायचे, आणि डोकं वर निघालं की तलावभर ऐकू जाईल असं म्हणायचे, 'आला!' चष्मा लावून पाण्याखालून सुळसुळत जाणारे एक प्राध्यापक होते. ते श्वासाला वर आले की 'आला!', पुन्हा वर आले की पुन्हा 'आला!' शेवटी चष्मा कपाळावर सारून ते खेकसले, 'काय आला?'

'तुमी,' सासरे म्हणाले.

मी विनवलं, 'मामा, ओरडू नका ना असं.' त्यांना नवलच वाटलं. 'हिरीत एकानं बुडी मारली की दुसऱ्यानं तो वर येईस्तोवर नजर हलवायची न्हाय. हितं माणूस खाली गेलं तरी कुणी बघंना. ही कसली तऱ्हा?'

पुढच्या काही रविवारी माझे हातपाय बऱ्यापैकी हलायला लागले आणि तक्रारीही वाढल्या. एकदा तलावावरचे शिक्षक त्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन माझ्यापाशी आले. 'हे तुमच्यासोबतच असतात ना? समजवा त्यांना, नाहीतर दोघांचंही येणं बंद करावं लागेल.' हे माझे सासरे, एवढं म्हणायला काय हरकत होती? पण मी हसून म्हणालो, 'गावाकडचे आहेत हो. त्यांना काय कळतंय!'

मागं वळलो तर सासरे शिडीला धरून उभे. ते वर चढले, रबरी टोपी काढली, आतली पांढरी ओली टोपी पिळून पुन्हा डोक्यावर नीट बसवली. 'चला जावईबापू, गाडीची येळ झाली.' गाडीला बक्कळ वेळ होता. स्कूटरवर मागे बसून ते एवढंच म्हणाले, 'माज्यापायी तुमाला खाली बघायची पाळी आली.' मी हॉर्न वाजवला. समोर रस्त्यात कुणीही नव्हतं.

आता ते येतात, पण तलावावर येत नाहीत. भर उन्हाळ्यातही त्यांना सर्दी असते. परवा मी तेरला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, 'बुडी मारता का आता?' मी ऐटीत म्हणालो, 'मारतो की.'

'आन वर कोन बघतंय?'

मी हसलो. ते हसले नाहीत.

गेल्या रविवारी माझ्याशेजारीच प्राध्यापकांनी बुडी मारली. जरा वेळ झाला तरी ते वर येईनात. माझी नजर त्या जागेवर अशी खिळली की पोहायचंही विसरलो. मग एकदाचा तो चष्मा पाण्याबाहेर आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'आला.' पण इतक्या हळू, की शेजारच्यालासुद्धा ऐकू जाऊ नये.