हिरामावशीच्या पालीची मान

हे मी नसरीनलाही सांगितलेलं नाही. बायको आहे ती माझी, बारा वर्षांचा संसार, माझ्या घोरण्यापासून माझ्या थापांपर्यंत सगळं तिला पाठ — पण हे नाही. तुला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही. सांगून हलकं वाटेल म्हणावं, तर जड तरी कुठे वाटतंय? काहीच वाटत नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालंय. गालाला हात लावला की गाल आहे एवढं कळतं, बस्स.

कामशेतच्या बाजारात माझं दुकान आहे, तुला माहीतच आहे. माशांच्या टाक्या, पोपटांचं खाणं, कुत्र्यांचे पट्टे. घरी मागच्या खोलीत मी पाली पाळतो. भिंतीवरच्या नव्हेत — लेपर्ड गेको. पिवळ्या अंगावर ठिपके, जाड शेपूट, जमिनीवर चालणाऱ्या. लोक गमतीदार असतात बघ. पाल म्हटलं की शी करतात, गेको म्हटलं की मोबाईल काढतात. मी जोड्या लावायचो, थर्माकोलच्या खोक्यात अंडी उबवायचो, पिल्लं विकायचो. नाव झालं होतं माझं. लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांपासून पुण्याच्या कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळे विचारत यायचे, रफिकभाई, नवा रंग आलाय का?

आता हिरामावशी. टाकवे बुद्रुकची. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई. आमची लेक झोया झाली तेव्हा तीन महिने रोज सकाळच्या गाडीने यायची. पाटावर बसायची, पाय लांब करायची, अन् नडग्यांवर ते एवढंसं लेकरू पालथं घ्यायची. एका हाताने गरम पाणी, दुसरा हात मानेखाली. चाळीस वर्षं तिने हेच केलं. आमच्या भागात हिंदू म्हणू नकोस, मुसलमान म्हणू नकोस, निम्मी माणसं तिच्या पायांवर न्हालेली. मीसुद्धा. अम्मी सांगायची, तू लय किंचाळायचास, पण हिराने हात लावला की गप.

ही बाई पालीला भयंकर भ्यायची. अंगावर पाल पडली तर डोक्यावरून पाणी घेणारी! पहिल्या दिवशी मागच्या खोलीत डोकावली अन् 'अगं आई गं' करून बाहेर. दुसऱ्या दिवशी पुन्हा डोकावली. आठवड्याने मी बघतो तर ही काचेला नाक लावून बसलेली. म्हणाली, "आरं, हिला पापन्या हायत की! माणसावानी मिचकावतीय बग." झालं. त्या दिवसापासून झोयाला न्हाऊ घातलं की अर्धा तास पालींपाशी.

तीन महिने संपले. न्हाऊ घालणारीला शेवटी साडी-चोळी द्यायची रीत आहे. नसरीनने छान जरीकाठी आणून ठेवली होती. मावशीने साडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, हे ऱ्हाऊ द्या, मला त्यातलं एक पिल्लू द्या. आम्ही किती हसलो! मी लगेच एक पिल्लू डब्यात घालून दिलं. तिने त्याचं नाव ठेवलं ठकी.

इथे जरा थांबतो.

कारण ते पिल्लू मी कुठलं दिलं, हे सांगायला हवं. एक मादी होती माझ्याकडे, एनिग्मा म्हणतात त्या रंगाला. फार देखणी. ठिपके असे विस्कटलेले, जणू कुणी तिखट उधळलंय. पण त्या रंगाबरोबर एक रोगही येतो. मेंदूचा. मान एकीकडे कलते. जनावर गोल गोल फिरत राहतं, वर छताकडे बघत बसतं, समोरची अळी धरायला जातं आणि बाजूची हवा चावतं. आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं. कधी जन्मापासून दिसतं, कधी काही महिन्यांनी उपटतं, कधी फारसं दिसतच नाही — पण रंग आहे तिथे तो आहेच. रंग ठेवून रोग काढता येत नाही. उपाय एकच, त्या रंगाची जोडी लावायचीच नाही.

हे मला ठाऊक होतं का? होतं. माझी मादी माझ्या डोळ्यांसमोर फिरत होती. गिऱ्हाइकाने विचारलं तर मी म्हणायचो, लाडात आलीय. या धंद्यातल्या एका जुन्या मित्राने मला स्वच्छ सांगितलं होतं, रफिक, हिची पिल्लं काढू नकोस, पाप आहे. मी हो हो म्हटलं आणि त्याच आठवड्यात जोडी लावली. ठकी त्यातली. आणि मावशीला तीच का दिली? फुकट द्यायची होती म्हणून. झाली एवढीच गोष्ट.

पण माझी चूक ही नाही. म्हणजे ही आहेच — पण जी सांगायला बसलोय ती ही नाही.

सात-आठ महिन्यांनी मावशी दुकानात आली. दुपार होती. लोणावळ्याचे एक गृहस्थ समोर उभे होते. त्यांच्या हातात ठकीचीच दोन भावंडं, सौदा जवळजवळ झालेला. मावशीने पिशवीतून डबा काढून गल्ल्यावर ठेवला. "रफिक, हिला काय झालंय बग की रं. मान वाकडी करतीय, अन् गोल गोल फिरतीय. अळी म्होरं धरली तरी गावत न्हाई तिला."

ते गृहस्थ डब्यात वाकले. मग स्वतःच्या हातातल्या पिल्लांकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "याच पिल्लांपैकी का? काही आजार वगैरे आहे का यांच्यात?"

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला वेळ लागतो. माझ्या तोंडून निघालं, "नाही हो. मावशी, तुम्ही हिला उचलताना मानेला धरता ना? बाळाला धरायची सवय तुमची. हिची मान नाजूक असते. दाब पडलाय."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "माझ्या हातनं?"

मी म्हणालो, "तसंच दिसतंय."

हे. हे सांगायचं होतं.

मावशी भांडली असती तर बरं झालं असतं. डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवला आणि गेली. त्या गृहस्थांनी दोन्ही पिल्लं घेतली. वर मला म्हणाले, गावाकडच्या लोकांना काय कळतं. मी हसलो. का हसलो? मला विचारू नकोस.

वाटलं होतं, विसरेल. जनावर ते जनावर. पण पुढच्याच महिन्यात आमच्या शेजारच्या सुनेला मुलगा झाला. नसरीनने मावशीला निरोप धाडला, तर उलटा निरोप आला, येणार नाही. नसरीनने फोन केला. रात्री जेवताना मला सांगू लागली, अहो, मावशी काहीतरीच बोलते. म्हणते, मुक्या जिवाची मान मोडली माझ्या हातनं, आता लेकराला कशी घिऊ? हात कापत्यात माझं.

मी भाकरी मोडत होतो. म्हणालो, "वय झालं असेल तिचं." आणि आमटी मागितली. आमटी बरी झाली होती, हेही लक्षात आहे.

याला तीन वर्षं होऊन गेली. झोया आता बालवाडीत जाते. मावशीने त्यानंतर एकही बाळ हातात घेतलेलं नाही. लोकांच्या भातात निंदायला जाते. ठकी जिवंत आहे. हा रोग सहसा मारत नाही, नुसता फिरवतो. मावशी तिला लांबून चिमट्याने एक-एक अळी भरवते, अर्धा-अर्धा तास, तोंडात जाईपर्यंत. तिच्यासाठी अळ्या मीच नेऊन देतो, दर पंधरा दिवसांनी, न चुकता. गावात म्हणतात, रफिक पोरगा सोन्यासारखा आहे, अजून मावशीची विचारपूस करतो. मी त्या मादीची जोडी लावणं बंद केलं. कुणाला कारण सांगितलं नाही. माल संपला म्हणालो. तिची जी पिल्लं विकली, त्यांच्या एकाही घरी फोन केलेला नाही.

सांगायची संधी? दर पंधरा दिवसांनी होती. मावशी, तुमच्या हातांनी काही झालेलं नाही, ते जन्मापासूनच होतं, मला माहीत होतं — तीन वाक्यं आहेत, एसटीत बसल्या बसल्या पाठ होतात. टाकव्याला उतरलो की, मावशी, पाऊसपाणी काय म्हणतंय, एवढंच.

गेल्या रविवारी गेलो. मावशीची धाकटी लेक बाळंतपणाला आलेली, मुलगी झालेली, दहा-बारा दिवसांची. न्हाणीत भलतीच कुणी बाई पाय लांब करून बसली होती, पायांवर मावशीची नात. मावशी दाराबाहेर चुलीपाशी उभी. पाणी उपसून आत सरकवायची आणि मागे व्हायची. दोन्ही हात पदरात गुंडाळलेले. पोरगी रडायला लागली तशी तिथूनच म्हणाली, "मानंखाली हात घाल गं बाई. आगं, खाली. आसं न्हवं."

मला बघितलं तर हसली. बस म्हणाली. लेकीला म्हणाली, रफिकला चहा टाक.

मी बसलो. चहा घेतला. अळ्यांचा डबा दिला आणि साडेअकराच्या गाडीने घरी आलो.