रिकाम्या चिपवर आलेलं 'मुक्ताई'

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, त्यामुळे कोणी हसेल अशी भीती नव्हती. लाज वाटत होती, ती वेगळ्याच गोष्टीची.

जळगावच्या एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप होतं. सावद्याकडच्या केळी पिकवण्याच्या खोल्यांसाठी आम्ही कंट्रोलर बनवायचो. आम्ही म्हणजे मी आणि सोनगीरचा विजू. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण डोकं सगळं त्याचं. बाजारातला तयार प्रोसेसर न घेता तो एका कोऱ्या चिपच्या आतच प्रोसेसर उभा करायचा आणि त्यावर लिनक्स चालवायचा. त्या चिपला स्वतःची आठवण नसते. वीज गेली की आतला प्रोसेसरच नाहीसा होतो. वीज आली की शेजारच्या मेमरीतून फाईल वाचून पुन्हा उभा राहतो.

"नाना, हाई रोज मरस नि रोज जलम लेस," विजू हसायचा.

मशीनचं नाव त्याने 'मुक्ताई' ठेवलेलं. आजोळ मुक्ताईनगरचं ना! चालू करताच पडद्यावर पहिल्यांदा तेच नाव यायचं.

एकदा धुळ्यात शेती-अवजारांच्या प्रदर्शनात दुसऱ्याच कंपनीचा कंट्रोलर पाहिला. त्यांच्या माणसाने बटण दाबलं आणि पडद्यावर आलं – 'मुक्ताई'. नाव बदलायचेही कष्ट घेतले नव्हते! आमची फाईल तिथे पोचली होती... आणि फाईल विजूकडेच असायची.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये, कामाला ठेवलेल्या दोन वायरमनसमोर, मी त्याला म्हणालो, "घरचा समजलो तुला. कितीला विकलंस रे मला?"

"नाना, मी कोणलेच फाईल नही दिधी."

"मग काय ती पायांनी चालत धुळ्याला गेली?"

त्याने डबा उचलला आणि निघून गेला. माझा विश्वासघात झाला, हे मी पुढे दोन वर्षं भेटेल त्याला सांगत होतो. धंद्यातल्या लोकांनी त्याला काम देणं बंद केलं.

मग एका उन्हाळ्यात, भर दुपारी, मी त्याने बनवलेला मुक्ताईचा पहिला बोर्ड भंगारात काढण्याआधी तपासायला घेतला. त्यावरची मेमरी मी स्वतः काढून दुसऱ्या बोर्डाला लावली होती. मेमरी कार्डही नव्हतं. म्हणजे चिप कोरी, आत प्रोसेसरच नाही. फक्त वीज नीट पोचते का एवढंच बघायचं होतं. केबल लॅपटॉपला सवयीने जोडली...

आणि पडद्यावर ओळी धावू लागल्या. लिनक्स सुरू झालं. 'मुक्ताई'. मी बोटही लावलं नव्हतं, तरी खाली जुन्या कमांड एकेक करून उमटल्या. शेवटची – पूर्ण फाईल पेन ड्राइव्हवर कॉपी. वापरणारा: नाना.

तेव्हा आठवलं. विजू सावद्याला गेला असताना आमचे कंट्रोलर विकणारा धुळ्याचा डीलर आला होता. "बोर्ड बिघडला तर फाईल आमची आम्हीच पुन्हा भरू," म्हणाला. मोठेपणा दाखवत मीच त्याला फाईल दिली होती, आणि विसरलो होतो. शपथेवर सांगतो, विसरलो होतो.

घाबरून वीज बंद केली. पुन्हा चालू केली तर काही नाही. आजवर काही नाही. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला दाखवलं. ते म्हणाले, "नाना, ऊन लागलं असेल." असेलही. मला उत्तर सापडलेलं नाही.

त्याच आठवड्यात सोनगीरला गेलो. विजू ओट्यावर एक बंद पडलेला पंप उघडून बसला होता. मला पाहून उठला, हात पुसले.

"या नाना, बसा. कसं शे बठ्ठं?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

"आपला बोर्ड चालू शे ना?"

"आहे."

चहा प्यालो. केळीच्या भावावर बोललो. आणि उठलो. तो हायवेपर्यंत सोडायला आला, बसला हात केला.

मागच्या वर्षी विजू वारला. त्या दिवशी सोनगीरला जाताना जळगावहून निघाल्यापासून मी बसमध्ये जे वाक्य घोकत होतो, ते असं होतं – विजू, फाईल मी दिली होती, तू नाही. मला माफ कर.