‘नाही’ म्हणण्याची तालीम

वकीलसाहेब काळा कोट चढवला की शुद्ध मराठी बोलतात, उतरवला की अहिराणी. धडगावकडच्या पक्षकारांची पावरी बोली त्यांना समजावून सांगायला मी त्यांच्याकडे बसतो. माझ्या पदवीला पहिलं काम त्यांनीच दिलं.

त्या दिवशी समोर मांडीवर बाळ घेऊन एक आई बसली होती. बाळंतपणात डॉक्टरांनी ओढल्यामुळे तिच्या बाळाचा हात लुळा पडला, असा दावा होता. दुसऱ्या दिवशी कोर्टात तिची उलटतपासणी होती. तालमीसाठी साहेबांनी ऑफिसातच कोट चढवला आणि ते डॉक्टरांचे वकील झाले.

“दवाखान्यात उशिरा आलीस ना?”

मी पावरीत सांगितलं. ती म्हणाली, “हो.”

खरं तर ती कळा सुरू होताच निघाली होती.

“म्हणजे चूक तुझीच ना?”

“हो.”

आमच्या डोंगरात मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. उद्याही ती हो म्हणाली, तर खटला तिथेच संपणार होता. साहेब आवाज चढवून तेच विचारत राहिले. ती रडू लागली, तरी थांबले नाहीत. मला त्यांचा राग आला. शेवटी बाळाचा लोंबता हात पदरात धरून ती म्हणाली, “नाही.”

साहेबांनी कोट उतरवला. “चहा लेशी ना, बेटी?”

माझ्या पावरीची वाट न पाहता ती म्हणाली, “नाही.”