दार नसलेल्या ग्रहावरचं युद्ध

दत्ता चोर आहे, असं मी चार वर्षं मानत होतो.

आज त्याला जाऊन वर्ष झालं.

नागापूरच्या एमआयडीसीत आम्ही एकाच वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवायचो. खोलीही एकच. सुट्टीच्या दिवशी कॉमिक करायचो. चित्रं त्याची, डायलॉग माझे.

दत्ताचं घर शनिशिंगणापूरला. घराला नुसती चौकट, दार नाही. म्हणून आमच्या ग्रहावरही कुणाच्या घराला दार नव्हतं.

मग एक सैनिक दार बसवतो. शेजारी विचारतात, "आत काय लपवलंय?"

तिथून युद्ध पेटतं. दोन चंद्र, उडते रणगाडे, सगळं होतं आमच्याकडे.

एका सकाळी शेवटची सोळा पानं खोलीतल्या आमच्या पेटीतून गायब.

"खोली गळती, म्हनून घरी नेऊन ठिवली," दत्ता म्हणाला. "फळीवर हायेत. जा, बघून ये. दार थोडंच हाय?"

मी गेलो नाही. लपवणारा माणूस असंच बिनधास्त बोलतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकट्याच्या नावावर छापणार बेटा.

पेटीला कुलूप लावलं.

तो कुलपाकडे बघतच राहिला. "लेका, आपल्याच गोष्टीतला सैनिक झालास की."

म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. खोली सोडली, नंबर ब्लॉक केला. पुस्तकांच्या दुकानात गेलो की आधी त्याचं नाव शोधायचो.

तो हार्ट अटॅकने गेला. मातीला गेलो होतो, पण घरात पाय टाकला नाही.

आज वर्षश्राद्धाला गेलो. त्याची धाकटी बहीण म्हणाली, "दादा, तुमचं सामान हाय. भाऊ म्हनायचा, त्यो येईल न्यायला, हलवू नका."

फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत. सोळाच्या सोळा.

आणि मी काय केलं? शेवटच्या पानाखालची आमची दोन नावं एकाच शाईत आहेत का, की माझं मागाहून घातलंय, ते उजेडात धरून तपासलं. त्याच्या श्राद्धाला!

शाई एकच होती. माझं नाव आधी होतं.

मला फार लाज वाटली.

शेवटच्या चित्रात शत्रू दार फोडून आत शिरतात. घर रिकामं. डायलॉगचा फुगा कोरा, आणि बाजूला पेन्सिलने: "हितं तू लिही."

तिथंच बसून लिहिलं.

"आत काहीच नव्हतं रे."

दत्ता, यायला उशीर झाला. माफ कर. नीट जा, गड्या.